सूनबाईनं सांगितलंय

"किती दिवस नुसता वास, वास आणि वास! पण शेवटी काढला बाई मी त्याचा काटा," असं म्हणत सासूबाईंनी फळीवरचं एक जुनं फडकं ओढलं, आणि फिटरबाईच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

"कसला वास, आई?"

"अगं, आमच्या गाडीत. कोबी सडल्यासारखा. आधी वाटलं कुण्या पोरानं खाऊ सीटखाली कोंबलाय. सगळ्या सीटा उलट्यापालट्या केल्या, काही नाही. मग दुपट्यांवर संशय घेतला. तीही उकळून काढली बिचारी. मग लिंबाच्या साली झाल्या, डांबरगोळ्या झाल्या, आणि आता ती आरशाला टांगायची अत्तराची कुपी आणली. चल बघायला, बाग झालीये बाग! काचा बंद ठेवते, म्हणजे पोरांना गार वाराही लागत नाही आणि सुगंधही बाहेर जात नाही."

सासूबाई सरकारी पाळणाघराच्या गाडीवर मदतनीस होत्या. कचेरीतल्या आयाबापांची पोरं सकाळी गोळा करायची, दुपारी परत सोडायची. त्या पोरांत त्यांची स्वतःची नातही होती. तिला सगळे खारूताई म्हणत, कारण ती काहीही दोन्ही हातांत धरून पुढच्या दोन दातांनी कुरतडायची. आणि खारूताईची आई म्हणजे ही फिटरबाई, सरकारी मोटारखान्यातली. मोटारखान्यातल्या सगळ्या गाड्या यंदा डिझेलवरून गॅसवर आणल्या होत्या. साहेबांच्या मोटारी, कचरागाड्या, पाण्याचे टँकर आणि ही पोरांची गाडीसुद्धा. टाक्या बसवण्यात, नळ्या जोडण्यात फिटरबाईचा हात होताच.

"आई," ती हळूच म्हणाली, "सडक्या कोबीसारखा वास आला, तर तुम्हाला गॅसची शंका नाही आली?"

सासूबाई चक्क हसल्या. "एवढी का मी अडाणी आहे? ब्रेककाकांना आली होती शंका. म्हणे, बाई, गॅस गळतोय की काय! म्हटलं, गप्प बसा. गॅसला वास नसतो. आमच्या सूनबाईनं सांगितलंय. तुमच्यासारखं नुसतं चाक फिरवत नाही ती, फिटर आहे फिटर!"

काही बोलणी कानातून आत जातात. हे पायातून वर चढलं. 

कारण ते वाक्य तिचंच होतं, शब्दन् शब्द तिचं. गॅसला स्वतःचा वास नसतो. फक्त त्याला चिकटून पुढचं वाक्य होतं, की म्हणूनच त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात, गळला तर नाकाला कळावं म्हणून. ते पुढचं वाक्य कुठे गेलं, याचा विचार करायला आत्ता वेळ नव्हता.

"गाडी कुठंय?"

"ही काय, बाहेर. चाकात हवा कमी वाटली, म्हणून काकांनी आत घेतली. पोरं झोपलीत सगळी. आपली खारू तर... अगं, पाना पडला! अगं, कुठं निघालीस?"

फिटरबाई दारात पोचली. पोरांची पिवळी गाडी हवा भरायच्या नळाशी उभी होती, काचा गच्च बंद. आणि तिच्या अगदी शेजारच्या गाळ्यात वेल्डरदादा एका कचरागाडीखाली वाकून सांधा जोडत होता. निळ्यापांढऱ्या ठिणग्यांचा सडा पडत होता. एखादी ठिणगी फरशीवर टप्पा खाऊन गाडीच्या चाकापर्यंत घरंगळत जात होती आणि तिथं विझत होती.

ती धावली. "बंद! वेल्डिंग बंद!" पण तोंडावर मुखवटा चढवलेल्या माणसाला काय ऐकू जाणार? तिनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो दचकून मागे बसला. मुखवटा वर करून म्हणाला, "काय बाई, जेवणाची सुट्टी झाली होय?"

"गॅस. पोरांच्या गाडीत. काही चालू करायचं नाही, काही बंद करायचं नाही. बटणाला हात लावायचा नाही कुणी."

वेल्डरदादाचं हसू ओठांवरच सुकलं. हातातला दांडा त्यानं इतक्या हळू खाली ठेवला, जणू तो झोपलेला साप होता.

तेवढ्यात तिला गाडीच्या पुढच्या काचेतून ब्रेककाका दिसले. ब्रेककाका म्हणजे लांबवर मांजर दिसलं तरी ब्रेक मारणारे, म्हणूनच त्यांना पोरांची गाडी दिलेली. बंद काचांआड उन्हानं उकडत असावं. काका मागे वळून पोरांकडे बघत होते आणि त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडे चालला होता.

"काका, हात वर!"

काकांनी दोन्ही हात टपाला लावले. बंद काचेआडून त्यांचा आवाज आला, "अहो, पंखा लावतोय फक्त! मी काय दरोडा घातलाय?"

"हात वरच ठेवा. चावीला नको, बटणाला नको, कशालाच नको. हातानं दार उघडा आणि खाली या. सावकाश."

काका उतरले. 

बाजूचं मोठं दार बटणावर सरकायचं. त्याच्या वाटेला न जाता तिनं मागचं दार हातानं उघडलं. आधी अत्तराचा लोट अंगावर आला, त्याच्या मागून डांबरगोळ्या, त्याच्या मागून लिंबू, आणि सगळ्यांच्या खाली, गालिच्याखाली लपवलेल्या केरासारखा, तो. दुसरा कुणी असता तर फसला असता. ती नाही फसली, आणि त्या क्षणी तिला वाटलं, आपलं नाक चुकलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या सीटच्या पाठीमागे टाकी होती. टाकीच्या तोंडाशी हातानं फिरवायचं छोटं चाक. एरवी दोन बोटांनी फिरणारं ते चाक आज दोन्ही हातांना ऐकेना. फिरलं एकदाचं. गळणारं थांबलं. पण आधी गळलेलं आतच होतं. हा गॅस हलका, वर चढतो आणि टपाखाली जाऊन बसतो. म्हणजे झोपलेल्या डोक्यांच्या जरासा वर तो आत्ता अंथरलेला होता.

"एकेक पोर देते. घेऊन सरळ मैदानात जा, पळू नका," ती म्हणाली. ब्रेककाका, वेल्डरदादा आणि कचरागाडीचा ड्रायव्हर पहिलवान अशी साखळी झाली. सासूबाई दाराशी आल्या होत्या. त्यांना अजून धड काही कळलं नव्हतं. पण सूनबाईच्या हालचाली बघून त्यांच्या हातातलं फडकं कधीच गळून पडलं होतं.

पोरं दोरीनं सीटला बांधावीत तशी पट्ट्यात अडकवलेली. दारापाशी एक गोबरा मुलगा, मग जुळ्या बहिणी, मग चष्मेवाली. खारूताई सगळ्यात पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, तोंडात अंगठा.

"आधी आपली खारू घे!" सासूबाई ओरडल्या. "अगं, पुढची! पुढची आधी घे!"

फिटरबाईनं ऐकलं. तिच्या अंगातला कण न् कण तेच ओरडत होता. पण पुढे जायचं तर मधल्या पोरांना ओलांडावं लागणार, परत येताना एका हातात लेक आणि बाजूनं ही झोपलेली डोकी. मधली वाट हातभर रुंद. तिनं गोबऱ्या मुलाचा पट्टा सोडला आणि त्याला पहिलवानाच्या हातात दिलं. मग जुळ्यांतली एक. मग दुसरी, ती जागी होऊन रडायला लागली. मग चष्मेवाली, तिचा चष्मा खाली पडला, राहू दे. प्रत्येक पट्ट्याचं कडं सोडताना लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून ती मध्ये आपलं बोट घालत होती. बोट सोलून निघालं, ते तिला नंतर कळलं.

खारूताईला उचललं तेव्हा ती झोपेत म्हणाली, "आई, तू इथं कशी?" आईनं तिचं डोकं खांद्यावर दाबलं आणि ती मागच्या दारातून बाहेर पडली.

मैदानात पोरं गवतावर बसली आणि लगेच गवत उपटायच्या उद्योगाला लागली.  वेल्डरदादा, ज्याला गप्प बसणं जन्मात जमलं नाही, तो आपल्या तळहातांकडे बघत बसला होता. गाडी हातांनी ढकलत मोकळ्यावर आणली, हातानं उघडणारी सगळी दारं सताड उघडून वारा खेळू दिला. बऱ्याच वेळानं फिटरबाईनं साबणाचं पाणी आणि ब्रश घेतला, टाकीचं चाक केसभर उघडलं आणि एकेका सांध्यावर फेस लावत गेली.

पहिला सांधा गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्यावर फेस एकदम फुगला. एक बुडबुडा वाढत वाढत लिंबाएवढा झाला, फुटला, त्याच्या पोटातून दुसरा आला.

"बुडबुडा!" गवतातून खारूताई टाळ्या पिटत ओरडली. "आजी, बघ ना, बुडबुडा!"

आजी बघतच होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग कुणी पुसून काढल्यासारखा उतरला होता.

"म्हणजे तो... तो वास..." सासूबाई म्हणाल्या. "अगं, पण तू म्हणाली होतीस."

तेव्हा फिटरबाईला ते पुढचं वाक्य कुठे गेलं ते आठवलं. गाड्या गॅसवर आल्या तेव्हा ड्रायव्हर आणि मदतनिसांची शिकवणी तिनंच घेतली होती. फळ्यापुढे उभी राहून ती "गॅसला स्वतःचा वास नसतो" इथपर्यंत आली आणि साहेब आत आले, मागून फोटोवाला. सगळ्यांना ओळीत उभं केलं, उंच मागे, बुटके पुढे, मग साहेब मध्ये, मग पुन्हा एकदा कारण साहेबांचे डोळे मिटले होते. मग चहा आला. चहानंतर फळ्यापाशी परतल्यावर तिला वाटलं, वासाचं सांगून झालं. ती पुढच्या धड्याला लागली, गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरायचं तो. पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या, सुनेचा शब्द न् शब्द झेलत. झेललेला त्यांनी वाया जाऊ दिला नाही. गावभर वाटला.

गडबड ऐकून साहेब आले. काय झालं ते ऐकलं आणि सासूबाईंवर उसळले, "बाई, डोकं काय घरी खुंटीला टांगून येता? सडका वास येतोय आणि तुम्ही वर अत्तर शिंपडताय?"

सासूबाई, ज्या एरवी साहेबांच्या साहेबाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या, त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. ते फिटरबाईला बघवेना.

"त्यांना अर्धंच शिकवलं गेलं, साहेब. उरलेलं अर्धं फोटोत गेलं. त्यांना नका बोलू."

साहेब काहीतरी बोलणार होते, पण पहिलवानानं घसा खाकरला. आडदांड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा निघाला.

"फिटरबाई, हा वास... माझ्याही गाडीत येतो."

वेल्डरदादानं मान वर करून पहिलवानाकडे पाहिलं.

"मला वाटलं कचऱ्याचा. कचरागाडीत अजून कसला येणार? पण रिकामी असली तरी येतो. मी विचारणार होतो तुम्हाला. पण मावशी म्हणाल्या," त्यानं सासूबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, "त्या म्हणाल्या, गॅसला वास नसतो."

फिटरबाईनं सांध्यातून काढलेली रबरी चकती तळहातावर धरली होती. नवी कोरी, पण दाबून चपटी झालेली, कडेला भेग. ही चकती ज्या खोक्यातून आली होती, त्याच खोक्यातून सगळ्या गाड्यांना चकत्या लागल्या होत्या. तपासणीची पाळी अजून यायची होती, आणि ड्रायव्हरांनी तक्रार केली असती तरच त्याआधी कुणी बघितलं असतं.

"आणखी कुणाच्या गाडीत येतो?" तिनं विचारलं. विचारताना तिला उत्तर नको होतं.

जीपवाला म्हणाला, येतो. टायरवाल्या पोऱ्याला म्हणे टँकरवाल्यानं सांगितलं होतं, येतो, पण मावशी म्हणाल्या. जो तो बोलायचा आणि शेवटी "मावशी म्हणाल्या" वर येऊन थांबायचा. मोटारखान्यात वर्षानुवर्षं फलक लावून, दम देऊन एक नियम कुणाच्या गळी उतरत नव्हता, आणि सासूबाईंचं हे एक वाक्य सगळ्यांनी मनोभावे पाठ केलं होतं.

आणि मग साहेब एका जुन्या टायरवर मटकन बसले. "माझ्या गाडीतही येतो," ते म्हणाले. "ड्रायव्हर म्हणाला, नव्या सीटकव्हरचा आहे. आत्ता आमची ही गेलीये तीच गाडी घेऊन." मग सवयीनं पुढे जोडलं, "सरकारी कामासाठी."

एरवी या वाक्यावर मोटारखाना आठवडाभर हसला असता. आज कुणी हसलं नाही.

गाड्या बाहेर होत्या. कचरागाड्या गल्ल्यांतून, टँकर वस्त्यांतून. सगळ्यांच्या काचा थंडीमुळे वर, आणि कुणाकुणाच्या आरशाला सासूबाईंच्या सल्ल्यानं आणलेली अत्तराची कुपी.

बिनतारी यंत्राची खोली वरच्या मजल्यावर होती. फिटरबाई खारूताईला कडेवर घेऊनच जिना चढली, खाली ठेवायला तिचा हात तयार नव्हता. यंत्रावरच्या मुलीनं बोलायची कांडी पुढे केली. फिटरबाई बोलणार, इतक्यात मागून धापा टाकत सासूबाई आल्या.

"तू नको. मी बोलते."

"आई, तुम्ही बसा जरा. मी सांगते त्यांना."

"तुझं ऐकतील, पण आधी चार प्रश्न विचारतील. माझं त्यांनी न विचारता ऐकलंय." त्यांनी कांडी घेतली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "काय सांगायचं, ते सगळं सांग मला. अर्धं नको."

फिटरबाईनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी ते एकदा स्वतःशी पुटपुटून घेतलं आणि बटण दाबलं.

"ऐका रे सगळ्यांनी. मी बोलतेय, पाळणाघराच्या गाडीवरची मावशी. मी तुम्हाला सांगितलं होतं ना, गॅसला वास नसतो? ते चुकीचं आहे. सडका वास येतो तोच गॅस आहे. आत्ता गाडी मोकळ्या जागी बाजूला घ्या. चावी फिरवून बंद करा, काचा उघड्या टाका आणि उतरा. पुन्हा चालू करायची नाही, विडी पेटवायची नाही. मला इथं उत्तर द्यायचं नाही, बटण दाबायचंच नाही. लांब जा आणि मग फोन करा. उतरा रे बाळांनो. आधी उतरा."

त्यांनी बटण सोडलं. यंत्रातून नुसती खरखर येत राहिली. कुणी ऐकलं की नाही, कळायला काही मार्ग नव्हता, कारण उत्तर द्यायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी तेच सगळं पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी "बाळांनो"पाशी त्यांचा आवाज फुटला.

खिडकीतून रस्ता दिसत होता. फिटरबाई रस्त्याच्या टोकाकडे बघत होती आणि कान लांबच्या आवाजाकडे लागले होते, जो कधी येऊ नये असं ती पहिल्यांदाच कुठल्या तरी देवाला सांगत होती.

टेबलावरचा फोन वाजला. सासूबाईंनी झडप घातली.

"मावशी, कचरागाडी दोन. उतरलोय. बागेच्या भिंतीशी उभी केली. मावशी, खरंच का हो?"

"खरंच रे. लांब उभा राहा."

मग दुसरी जीप. मग साहेबांची मोटार. त्या फोनवर साहेबांच्या बायकोचाच आवाज होता, भर रस्त्यात उतरवलं म्हणून तावातावानं भांडत. सासूबाईंनी ते सगळं भांडण डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं ऐकलं. दारात उभे असलेले साहेबही ऐकत होते आणि रुमालानं तोंड पुसत होते.

टँकर राहिला. टँकरवाल्याला यंत्र बंद करून गाणी लावायची खोड होती. कुणी सायकल घेऊन निघालं, कुणी त्याच्या वस्तीतल्या दुकानाला फोन लावला. सासूबाई फोनसमोरून हलल्या नाहीत. पाणी दिलं ते तसंच राहिलं. शेवटी घंटी वाजली, आणि पलीकडून सुस्त आवाज आला, "मावशी, दुकानदार म्हणतो, तुम्ही शोधताय मला. मी तर जेवतोय. काय झालं एवढं?"

"टँकर कुठंय?"

"समोर उभा आहे की."

"चावी?"

"खिशात."

"खिशातच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बस. खा सावकाश."

फोन ठेवायचा त्यांना सुचेना. फिटरबाईनं एकेक बोट सोडवून तो जागेवर ठेवला. सासूबाईंनी वर पाहिलं आणि खारूताई हात पुढे करतेय असं दिसताच दोन पावलं मागे सरल्या.

"आज नको देऊस तिला माझ्याकडे."

"आई..."

"नको गं. मीच काचा बंद करत होते. रोज. माझ्या हातांनी."

फिटरबाईला खूप बोलायचं होतं. वाक्य माझं होतं, अर्धं मीच सोडलं, सांधाही कदाचित मीच आवळलेला असेल. हे सगळं सांगायला ती सासूबाईंच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. खारूताईला या कशाचा पत्ता नव्हता. आईच्या कडेवर ती कंटाळली होती. तिनं सरळ आजीच्या अंगावर झेप टाकली, आणि पडू नये म्हणून आजीला तिला धरावंच लागलं.

सासूबाईंनी तिला छातीशी घट्ट धरलं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि दीर्घ श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. मग घाबरून सुनेकडे बघितलं.

"हिच्या डोक्याला नुसता त्या अत्तराचा वास येतोय गं," त्या म्हणाल्या. "पोरीचा स्वतःचा वास कसा होता, तेच मला आठवत नाहीये."

फिटरबाई जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, आणि तिनं दोघींना खाली आपल्याजवळ ओढलं.